साहेब नाही झालो तर मी कोण?

*ताई,*

*वय २९. गाव लातूर जिल्ह्यातलं, सध्या मुक्काम पुणे, सदाशिव पेठ. २०१९ मध्ये इंजिनिअरिंग संपवून राज्यसेवेच्या तयारीला आलो. दोनदा मुख्य परीक्षा दिली, एकदा मुलाखतीपर्यंत गेलो, थोडक्यात हुकलं. आता पॅटर्न बदललाय, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. वडील म्हणतात, अजून एक वर्ष बघ. चौथीत शिष्यवृत्ती मिळाली तेव्हापासून गावात मला ‘साहेब’ म्हणतात. मागच्या वाढदिवसाला मित्रांनी चौकात फ्लेक्स लावला, ‘भावी अधिकारी’. लग्नकार्यात कोणी ‘काय करायलास सध्या?’ विचारलं की पोटात गोळा येतो, म्हणून गावी जायचंच टाळतो. सोडून द्यायचा विचार करतो तेव्हा भीती पैशाची वाटत नाही, नोकरी काहीतरी लागेल. अधिकारी व्हायचंय ही एक गोष्ट माझ्यातून काढली तर खाली काय उरतं तेच दिसत नाही. आपण कोण आहोत हे माणसाला कळतं कसं? बाकीच्यांना कळलेलं असतं का? मला अरेतुरे केलं तरी चालेल.*

*– एक विद्यार्थी*

अरे बाबा,

पत्र चार पानांचं होतं, वर छापलंय ते मी आटोपशीर केलेलं. पण वाचकांना कागदाबद्दल सांगायला हवं. दोन्ही बाजूंना समास आखलेला, उत्तरलेखनाच्या सरावाचा कागद. आधी प्रस्तावना, मग मुद्दे, महत्त्वाच्या शब्दांखाली पट्टीने मारलेली रेघ. चौथ्या पानाच्या तळाशी ‘निष्कर्ष’ लिहून पुढे दोन टिंबं दिलीस आणि जागा कोरी सोडलीस. मला आधी हसू आलं, मग आलं नाही.

तिसऱ्या पानावर एक ओळ खोडली आहेस. उजेडासमोर धरली की ती वाचता येते. ती मी इथे देणार नाही, पण आधी तिचंच बोलू. तसले विचार रात्री येत असतील तर १४४१६ या नंबरवर फोन कर. टेली-मानस म्हणून सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, रात्री दोनलाही कोणीतरी उचलतं आणि मराठीत बोलतं. आणि तुझ्या रूमवरच्या त्या उदगीरच्या मुलाला सांग, ज्याच्याबद्दल तू पत्रात दोनदा लिहिलंयस. उद्या नको, आजच. पुढचं वाचणं त्यानंतरही होईल.

आता तुझा प्रश्न. बाकीच्यांना कळलेलं असतं का?

माझं सांगते. मी २७ वर्षं बँकेत होते. २००१ मध्ये सरकारी बँकांमध्ये स्वेच्छानिवृत्तीची लाट आली होती, त्यात मीही बाहेर पडले. पंधरवड्याने दातांच्या दवाखान्यात फॉर्म भरत होते. ‘व्यवसाय’ असा रकाना आला. ‘निवृत्त’ लिहिलं, खोडलं. ‘गृहिणी’ लिहिलं, तेही खोडलं, कारण माझ्या घरच्यांनी ते वाचलं असतं तर हसून लोळले असते. शेवटी काउंटरवरची मुलगी म्हणाली, “मॅडम, काहीपण लिहा, ते कोणी बघत नाही.” मी पन्नाशीला आले होते, घर होतं, मुलं मोठी झाली होती. तरी त्या दोन इंचांच्या रकान्यात काय लिहावं ते मला सुचलं नाही. तेव्हा तू २९ व्या वर्षी अडलास तर त्यात जगावेगळं काही नाही. तू पत्राखाली सही काय केलीस ते मात्र एकदा बघ. ‘एक विद्यार्थी’. रकाना भरायला तुलाही दुसरा शब्द सापडला नाही.

आपल्याकडे ओळख हा शब्दच मजेशीर आहे. ‘तहसील कचेरीत तुझी कोणाची ओळख आहे का?’ असं आपण विचारतो, तेव्हा ओळख म्हणजे दुसरा माणूस. गावी एसटीतून उतरल्यावर पारावरची म्हातारी डोळ्यांवर हात धरून विचारते, “कुणाचा रे तू?” ‘कोण’ असं ती विचारत नाही. बापाचं, आजाचं नाव सांगितलं की तिला हवं ते सगळं मिळतं. जरा मोठा झालास की तोच प्रश्न ‘काय करायलास?’ असा होतो. दोन्ही प्रश्नांचं उत्तर तुझ्याआधी दुसऱ्या कोणीतरी ठरवून ठेवलेलं असतं.

आणि यात वावगं काही नाही, सुरुवात सगळ्यांची तशीच होते. तान्ह्या बाळाला आरशातलं पोर आपणच आहोत हेसुद्धा ठाऊक नसतं, ते आरशामागे हात घालून बघतं. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान कधीतरी, नकळत नाकाला लावलेला लाल ठिपका आरशात दिसला की ते आरशाऐवजी स्वतःचं नाक चाचपतं. ही चाचणी मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या आसपास बसवली. आपलं तोंडसुद्धा आपल्याला दीड-दोन वर्षांनी कळतं. बाकीचं तर लोकांच्या डोळ्यांत बघूनच शिकायचं. कूली नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये हेच लिहिलं. दुसऱ्याला आपण कसे दिसत असू, तो आपल्याबद्दल काय ठरवत असेल, याचा अंदाज बांधून माणूस स्वतःबद्दलचा अभिमान किंवा शरम कमावतो. त्याने याला आरशाचंच नाव दिलं. आपल्या आया याला ‘लोक काय म्हणतील’ म्हणतात. कूलीचं वाचायला जरा जास्त वेळ लागतो एवढाच फरक.

तुझा आरसा चौथीत टांगला गेला. शिष्यवृत्तीचा निकाल आला, हेडमास्तर म्हणाले, “हा साहेब होणार,” दुकानदाराने ते उचललं, मग सगळ्यांनी. नऊ वर्षांच्या पोराला कोणी साहेब म्हटलं तर ते ‘थांबा, मी विचार करून सांगतो’ म्हणतं का? ते ताठ चालायला लागतं. पुढे लातूर पॅटर्न होताच. दहावी-बारावीची ती शिस्त आणि त्या टेस्ट सिरीज अवघ्या महाराष्ट्राने उचलल्या, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण त्या वयात जे इकडेतिकडे भरकटायचं असतं, नाटकात काम करून तोंडावर पडायचं असतं, मित्राच्या गॅरेजमध्ये दिवस काढायचे असतात, त्याला त्या वेळापत्रकात तास नव्हता.

इथे तुला एका माणसाची गोष्ट सांगते. आयडेंटिटी क्रायसिस हा शब्द आज कोणीही कशालाही वापरतो, तो ज्याने चलनात आणला त्याची. १९०२ मध्येच जर्मनीत, फ्रँकफर्टला जन्मला. आई डेन्मार्कची ज्यू. बाप कोण, ते त्याला आयुष्यभर कळलं नाही. आईने पुढे मुलांच्या एका डॉक्टरशी लग्न केलं, त्यांचं आडनाव त्याला लागलं, होंबुर्गर. पोरगा वाढला उंच, गोरा, निळ्या डोळ्यांचा. त्यामुळे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात बाकीची मुलं त्याला परका म्हणून चिडवायची आणि शाळेत गेला की ज्यू म्हणून. शाळा संपल्यावर घरच्यांना वाटलं, वैद्यकीला जाईल. तो गेला नाही. पाठीवर पिशवी टाकून युरोपभर हिंडला, चित्रं काढली, मधूनच निराश होऊन घरी परत यायचा. कॉलेजची पदवी घेतली नाही. पंचविशीत एका मित्राने त्याला व्हिएन्नाला बोलावून घेतलं, एका लहानशा शाळेत शिकवायला. तिथे गाठ पडली मनोविश्लेषणाचा पाया घालणाऱ्या फ्रॉइडच्या मुलीशी, अ‍ॅनाशी, आणि मुलांच्या मनाचा अभ्यास सुरू झाला. १९३३ मध्ये जर्मनीत नाझी सत्तेवर आले तेव्हा तो बायकोमुलांना घेऊन अमेरिकेला गेला. १९३९ मध्ये तिथलं नागरिकत्व मिळालं तेव्हा त्याने आडनाव बदललं. नाव एरिक, आडनाव एरिकसन. म्हणजे एरिकचा मुलगा. पारावरच्या म्हातारीने ‘कुणाचा रे तू?’ विचारलं असतं तर हा म्हणाला असता, “माझाच.” पुढे हार्वर्डला प्राध्यापक झाला, पदवीशिवाय.

ही गोष्ट मी ‘बघ, भटकला तरी मोठा झाला’ म्हणून सांगत नाहीये. भटकून मोठे न झालेले पुष्कळ असतात, त्यांची चरित्रं कोणी लिहीत नाही. मला त्यातला एक शब्द हवाय. तरुण माणसाला समाज काही वर्षं सूट देतो, लगेच काही ठरवू नको, करून बघ, चुकून बघ म्हणतो, त्या काळाला एरिकसनने मोरेटोरियम म्हटलं. आम्हा बँकवाल्यांना हा शब्द चांगला ठाऊक. २०२० च्या मार्चमध्ये कोविड आला तेव्हा रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांना हेच दिलं होतं, तुमच्याही ट्रॅक्टरच्या कर्जाला मिळालं असेल. आणि ज्यांनी ते घेतलं त्यांना नंतर कळलं की हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही.

सदाशिव पेठ लांबून बघितली तर अशा मोरेटोरियमचं गावच वाटते. हजारो मुलंमुली, कोणावर जबाबदारी नाही, दिवसभर पुस्तकं. जवळून काय दिसतं ते तूच लिहिलंयस. अभ्यासिकेतलं अडीच फुटांचं टेबल, समोरच्या प्लायवर चिकटवलेले राज्यघटनेच्या कलमांचे तक्ते, बाजूला पाण्याची बाटली, कॉट बेसिसची खोली, महिन्याची मेस, सकाळी सातला टाकलेली पिशवी रात्री अकराला उचलायची. एरिकसनच्या सुटीत माणूस दहा गोष्टी करून बघतो. तुझ्या सहा वर्षांत तू एकच गोष्ट पुन्हापुन्हा करून बघितलीस. बाहेरून ती सूट दिसते, आतून तो एकाच दाराशी लावलेला नंबर आहे.

एरिकसनचं बोट धरून जेम्स मार्शा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात कॉलेजच्या मुलांच्या मुलाखती घेतल्या. विचारायचा साधं. तू स्वतःसाठी वेगवेगळे पर्याय चाचपून बघितलेस का? आणि कशाला तरी स्वतःला बांधून घेतलंस का? दोन प्रश्न, त्यांची हो-नाही उत्तरं, त्यातून चार गट. काही चाचपून मग ठरवणारे, काही अजून चाचपडणारे, काही दोन्हींतलं काहीच न करणारे. चौथे आपल्या कामाचे, न चाचपता बांधून घेतलेले. घरच्यांनी सांगितलं, गावाने म्हटलं, आणि यांनी हो म्हटलं. ही मुलं बाहेरून सगळ्यांत खंबीर दिसतात. ध्येय स्पष्ट, घरच्यांशी गोडी, डोक्यात गोंधळ नाही. जोवर ती बांधलेली गोष्ट उभी आहे, तोवर.

तू स्वतःला हरलेल्यांत मोजतोयस. मला वेगळं वाटतं. १९ व्या वर्षी पडायला हवा होता तो प्रश्न तुला दहा वर्षं उशिरा पडलाय. उशिरा पडला म्हणून जास्त दुखतोय, कारण आता सोबतीला वाकलेली पाठ आहे, वडिलांचे पैसे आहेत, लग्नाचं बोलणं आहे. पण प्रश्न योग्य आहे. आणि खरं सांगू, मुलाखतीतून त्या वेळी निवड झाली असती तर तो कदाचित ४५ व्या वर्षी, एखाद्या सरकारी क्वार्टरच्या व्हरांड्यात पडला असता.

सहा वर्षं वाया गेली नाहीत, अनुभव कुठे जात नाही, असं तुला सगळे म्हणत असतील. मी म्हणणार नाही. काही गेलीच. एप्रिल २०२० ची पूर्वपरीक्षा पुढे ढकलत ढकलत २१ मार्च २०२१ ला झाली. त्याच्या दहा दिवस आधी पुन्हा पुढे गेल्याची बातमी आली आणि तुम्ही पोरं नवी पेठेत रस्त्यावर बसलात. ते वर्ष तुला कोण परत देणार आहे? त्याचं दुःख कर. रडायचं असेल तर रड. त्यावर लगेच ‘पण मी खूप शिकलो’ असं झाकण लावू नकोस.

विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० मध्ये एक अपूर्णांक मांडला होता. तुला गणित आवडतं म्हणून सांगते. आपल्याला स्वतःबद्दल जे वाटतं ते म्हणजे वर आपलं यश आणि खाली आपण लावून घेतलेले दावे. त्याने स्वतःचंच उदाहरण दिलं. माझ्याहून कोणाला जास्त मानसशास्त्र येतं असं कळलं तर मी खजील होतो, पण ग्रीक भाषेत मी पूर्ण अडाणी आहे त्याचं मला काहीच वाटत नाही. कारण ग्रीकवर माझा दावाच नाही. भागाकार सुधारायचे दोन रस्ते, वरचा आकडा वाढवा नाहीतर खालचा कमी करा. तू सहा वर्षं वरचा आकडा ढकलतोयस. जागा शेकड्यांत, अर्ज लाखांत, ढकलून ढकलून किती ढकलशील? खालचा आकडा बघितलास कधी? त्यात तुझा दावा किती, हेडमास्तरांचा किती, त्या फ्लेक्सचा किती? मी तुला महत्त्वाकांक्षा सोड म्हणत नाहीये. उधारीच्या वहीत दुसऱ्यांनी तुझ्या नावावर काय काय मांडून ठेवलंय, ते फक्त वेगळं काढ.

आणि वडिलांचंही. ‘अजून एक वर्ष बघ’ याचा तुला राग येतो असं लिहिलंस. गेली वीस वर्षं ते गावात साहेबाचे वडील आहेत. दूध डेअरीवर, सोसायटीच्या मीटिंगला, तेराव्याच्या पंगतीत. तू सोडलंस तर त्यांचाही रकाना कोरा होतो, आणि साठीला आलेल्या माणसाला नवा शब्द शोधायला तुझ्याइतका वेळ नाही. त्यांच्याशी फोनवर बोलू नकोस. शेतात गेल्यावर, हातात काहीतरी काम असताना, एकमेकांच्या तोंडाकडे बघायची वेळ न येता बोल. बापलेकांना तेच जमतं.

परीक्षा द्यावी की सोडावी, ते मी सांगणार नाही. नियमात वयाची मर्यादा खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे, म्हणजे सरकार तुला आणखी नऊ वर्षं तरी थांबवणार नाही. थांबायची तारीख तुलाच घालावी लागेल, भिंतीवरच्या कॅलेंडरवर, पेनाने. देणार असशील तर आठवड्यातले दोन दिवस दुसरं काहीतरी काम कर, पगाराचं, लहानसं, कोणी तुला नावाने हाक मारेल असं. सोडणार असशील तर ‘काय करायलास?’ला एका वाक्याचं उत्तर तयार ठेव आणि आरशासमोर मोठ्याने म्हण. “परीक्षा देत होतो, झालं नाही, आता काम बघतोय.” पहिल्या तीन लग्नांत जीभ अडखळेल. चौथ्यात विचारणारा तुझं उत्तर संपायच्या आत श्रीखंडाकडे वळलेला दिसेल.

आता ‘खाली काय उरतं’ याबद्दल. तुला वाटतं, एकेक पापुद्रा काढत गेलं की आत खरा तू सापडेल, किंवा काहीच सापडणार नाही. निवडयादीच्या पीडीएफमध्ये तू आधी पूर्ण नाव टाकून शोधलंस, मग नुसतं आडनाव, मग बैठक क्रमांक. स्वतःलाही तू तसाच शोधतोयस, शब्द टाकून. तसा शब्द आत कुठे पडलेला असतो असं मला नाही वाटत. निदान मला पन्नाशीपर्यंत सापडला नव्हता, आणि आता सत्तरीत मी तो शोधायचं सोडलंय. माणूस काही करत असतो, कोणाबरोबर तरी करत असतो, त्याचा थर बसत जातो. पुष्कळ वर्षांनी लोक त्या थराला नाव देतात आणि तोवर आपल्याला त्या नावाची फारशी गरज उरलेली नसते.

तुझ्या चार पानांत साडेतीन पानं परीक्षेची आहेत. प्रत्येक ओळीला पट्टी लागलेली. दुसऱ्या पानाच्या मागे अर्धं पान मात्र निराळं आहे. दिवाळीत गावी गेलास तेव्हा बोअरमधली मोटर जळाली. चुलते, तू, शेजारचा पोरगा आणि सालगडी, चौघांनी मिळून ती वर ओढली. काळा पाइप उन्हाने तापलेला, केबल मध्येच अडकली, तू खाली वाकून ती सोडवलीस, हाताची सालं निघाली. संध्याकाळी पाटात पाणी आलं तेव्हा कोणी तुला साहेब म्हटलं नाही, चुलत्यांनी नुसता चहाचा कप पुढे केला. त्या अर्ध्या पानात अक्षर पळतंय, वेलांट्या तिरप्या झाल्यात, समास ओलांडलाय. एकाही शब्दाखाली रेघ नाही. तू स्वतः लिहिलंयस, त्या दिवशी मी कोण हा विचार एकदाही आला नाही.

म्हणून तू मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाक, असं मी सांगत नाहीये. उद्या तू बँकेत बसशील, शिकवशील, नाहीतर तहसीलदारही होशील, मला काय माहीत. पण तसे दिवस आणखी कोणते होते, ते आठवून मला लिही. साध्या कागदावर लिही, समास नको. आणि बोअर किती फुटांचा होता ते लिहायचं राहिलंय. चौघांनी हाताने ओढली म्हणतोस, तर मला ते जाणून घ्यायचंय.

– ताई